शादी होने दे, फिर करते

येत्या सोमवारी माझ्या दोन्ही डोळ्यांवर लेझरचं ऑपरेशन आहे. चष्म्याचा नंबर घालवायचं. डावा डोळा उणे साडेपाच, उजवा उणे सहा. सातवीत असताना लागलेला चष्मा वयाच्या चौतिसाव्या वर्षी काढायचा बेत आहे. सोमवारची ही तारीख तिसरी. आधीच्या दोन तारखा मीच पुढे ढकलल्या. पहिल्यांदा चुलतभावाचा वलीमा होता, दुसऱ्यांदा एका जिवलग मित्राच्या बहिणीचं लग्न. दोन्ही कारणं खरी होती, कुणीही ऐकून मान डोलावली असती. पण दोन्ही वेळा दवाखान्यात नकाराचा फोन करून झाल्यावर मला जे सुटल्यासारखं वाटलं, त्यावरून माझं मलाच कळलं की कारण वेगळं आहे. मी घाबरलोय.

बेंबळीत राहणाऱ्या माणसाला घाबरायला सवड मिळत नाही, हेही तितकंच खरं. धाराशिव तालुक्यातलं हे मोठं गाव. आजूबाजूच्या खेड्यांना पोलीस ठाण्यासाठीसुद्धा इथंच यावं लागतं. त्यामुळं माणसांची ये-जा पुष्कळ आणि ओळखीपाळखी त्याहून जास्त. रमजान ईद झाली की आमच्याकडं मंगनी, निकाह, वलीमा, अकीका यांची रांग लागते, ती बकरी ईद जवळ येईपर्यंत हटत नाही. त्यातच वर्गमित्रांच्या घरची हळद, कुणाचा सप्ताह, कुणाचा वाढदिवस. कुणाच्या घरी मयत झाली तर जियारत आणि पुढं चहल्लुम. शेजाऱ्याच्या वडिलांच्या दहाव्याला नाही गेलं तर तो बोलणार नाही, पण लक्षात ठेवील. मास्तर माणूस असल्यामुळं मला पत्रिका दुप्पट येतात, चुलत्यांच्या नात्यातून आणि विद्यार्थ्यांच्या घरून. उन्हाळी सुट्टीत ऑपरेशन करायचं ठरवलं, तर सुट्टीतला एकही आठवडा मोकळा नाही.

या गर्दीत बसून मनातली भीती सांगायची कुणाला? एका दावतीत दस्तरखानावर शेजारी बसलेल्या मामूंना हळूच सांगून पाहिलं. त्यांनी लगेच तीन गोष्टी सांगितल्या. एकाचा डोळा कसा लाल होऊन बसला, एकाला परत नंबर आला, आणि तिसऱ्याला तर काहीच झालं नाही, पण त्याची बायको अजून भांडते की एवढे पैसे कशाला घातले. मग म्हणाले, "अल्लाह पे भरोसा रख, कुछ नहीं होता." आणि बगारा खान्यावर दालचा ओतून घेतला. भरोसा आहेच. पण हे वाक्य आपल्याकडं बहुतेक वेळा समोरच्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं. म्हणणाऱ्याची जबाबदारी तिथं संपते आणि ऐकणाऱ्याला वाटायला लागतं की आपलाच ईमान कच्चा आहे.

माझी भीती नेमकी कसली, ते मी एका रात्री वहीत लिहून काढलं. मरायची भीती नाही, हे डोळ्याचं काम. दुखायचीही फारशी नाही, कारण इंजेक्शन देत नाहीत, थेंब घालून डोळा बधिर करतात. माझी भीती उघड्या डोळ्याची आहे. पापण्या चिमट्यानं ताणून धरलेल्या, डोळा मिटता येत नाही, समोरून काहीतरी येतंय ते दिसतंय आणि आपण हलायचं नाही. बाकी कुठल्या ऑपरेशनमध्ये माणूस झोपलेला तरी असतो, किंवा पडद्याच्या अलीकडं असतो. इथं ज्या डोळ्यानं बघायचं, त्याच डोळ्यावर हात चालणार.

पुढच्या तपासणीला वही घेऊन गेलो आणि सगळं विचारलं. डॉक्टरांनी घाई न करता सांगितलं. डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या वरच्या थराची एक पातळ चकती पुस्तकाच्या पानासारखी उलटायची, खालच्या भागाला लेझरनं नवा आकार द्यायचा आणि पान परत मिटवायचं. टाके नाहीत. एका नंबरामागं साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन एवढा थर जातो, म्हणून ज्यांचा पडदा मुळात पातळ किंवा पुढं टोकदार आलेला असतो, त्यांना डॉक्टर सरळ नाही म्हणतात. माझा पडदा पुरेसा जाड निघाला. चकती कापताना डोळ्यावर एक कडं दाबून बसवतात, तेव्हा काही क्षण अंधारून येतं. "तेव्हा घाबरायचं नाही, ते होणारच आहे," असं त्यांनी बजावलं. प्रत्यक्ष लेझर एका डोळ्याला काही सेकंदच चालतो. केस जळल्यासारखा वास येतो, पण डोळा जळत नसतो. तेवढा वेळ समोरच्या दिव्याकडं बघत राहायचं. नजर जराशी हलली तर यंत्र तिच्या मागं जातं, जास्त हलली तर थांबतं.

हे शेवटचं वाक्य मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मी दोन वर्षं त्याच एका गोष्टीला घाबरत होतो, की माझा डोळा हलला तर काय.

त्यांनी न लपवता हेही सांगितलं की डोळे काही महिने कोरडे पडतील, रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसू शकतील, आणि चाळिशी आली की वाचायला चष्मा लागेलच. माझ्यासारख्या मोठ्या नंबरवाल्याला डोळ्याच्या मागच्या पडद्याचा जो धोका असतो, तो नंबर गेला तरी जात नाही, त्यामुळं ती तपासणी चालू ठेवायची. ज्याला सगळं गोडगोड ऐकायचंय त्याला हे आवडणार नाही. मला मात्र या यादीमुळंच धीर आला. मग सूचना आल्या. आदल्या काही दिवसांपासून डोळ्यांत सुरमा नाही. ऑपरेशनच्या दिवशी अंगाला अत्तर नाही, कारण सुगंधाच्या वाफेनं लेझरच्या मापात फरक पडू शकतो. नंतर आठवडाभर डोळ्यांत पाणी नाही, धूळ नाही, डोळे चोळायचे नाहीत. आता बघा, सोमवारी ऑपरेशन आणि आदल्या दिवशी रविवारी मामेबहिणीचं लग्न. आमच्याकडच्या लग्नात दारातच एक जण अत्तराचा फाया घेऊन उभा असतो आणि तो कुणाला सोडत नाही.

लेझर आणि दावत यांचं नातं मात्र जुनं आहे, ही गंमत मला नंतर वाचताना सापडली. 1981 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी एक्सायमर नावाच्या लेझरवर काम करत होते. हा लेझर प्लास्टिक नेमकेपणानं कोरतो हे त्यांना कळलं होतं. जिवंत प्राण्याच्या मांसाचं काय, हा प्रश्न होता. थँक्सगिव्हिंगच्या दावतीत उरलेले टर्की पक्ष्याचे तुकडे श्रीनिवासन दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर लेझर चालवला. काप स्वच्छ आला, आजूबाजूला काही करपलं नाही. 1983 पर्यंत हीच किमया डोळ्याच्या पारपटलावर करता येईल हे दाखवून झालं होतं. मी हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, आपल्याकडं असतं तर ते तुकडे रात्रीच संपले असते. आमचा उस्मानाबादी बोकड दुसऱ्या दिवसापर्यंत उरल्याचं मीही कधी पाहिलं नाही.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं खरं कारण माझा चष्मा नाही. माझी फुप्पू आहे.

फुप्पूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे एका तपासणी शिबिरात कळलं त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हाच ऑपरेशन सांगितलं होतं. सरकारी रुग्णालयात ते मोफत होतं, पैशाचा प्रश्न नव्हता. पहिली तारीख आली तेव्हा घरात माझंच लग्न होतं. मग रमजान आला, रोज्यात डोळ्यांत औषध कसं घालणार म्हणून थांबलो. खरं तर डोळ्यांत थेंब घातल्यानं रोजा तुटत नाही, असं हनफी आलिमांनी कितीतरी आधी सांगून ठेवलंय. मशिदीत जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. आम्ही विचारलं नाही. नंतर उन्हाळा, उन्हाळ्यात टाके पिकतात म्हणे. मग पावसाळा. मग चुलतभावाची मंगनी. दर वेळी फुप्पूच म्हणायची, "शादी होने दे, फिर करते." आणि आम्ही म्हणायचो, फुप्पू घाबरते.

ती घाबरत होतीच. पण फुप्पूच्या हातचा दालचा ही आमच्या खानदानाची शान आहे. दोनशे-तीनशे माणसांचं जेवण ती नुसत्या अंदाजानं काढते. आमच्या घरातलं एकही कार्य तिच्याशिवाय पार पडलं नव्हतं. तिनं तारीख पुढं ढकलली की आमच्यातल्या एकानंही "नको, आधी डोळा" असं म्हटलं नाही. भीती तिची होती, सोय आमची होती. मी शिकलेला, शाळेत मुलांची नेत्रतपासणी घडवून आणणारा, मीसुद्धा गप्प बसलो. मनातून बरंच वाटलं असणार.

वरून गावातला तो जुना समज होताच, की मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा. पूर्वी ते खरं होतं. भिंग अख्खं बाहेर काढायची पद्धत होती, तेव्हा पिकलेला मोतीबिंदू काढायला सोपा जायचा. आता अल्ट्रासाउंडच्या सुईनं तो आतल्या आत फोडून ओढून घेतात आणि लहानशा चिरेतून नवी भिंग बसवतात. पिकायची वाट बघण्यात फायदा काही नाही, धोका तेवढा आहे. तो धोका आमच्या घरात घडला. एका रात्री फुप्पूच्या उजव्या डोळ्यात सणक उठली, डोकं फुटायची वेळ आली, उलट्या झाल्या. आम्हाला वाटलं बीपी वाढलं. दोन दिवस गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अति पिकून फुटला, त्यानं डोळ्यातला दाब चढला, नस गेली. ऑपरेशन करून दुखणं थांबवलं. नजर आली नाही. पुढं दोन महिन्यांनी डाव्या डोळ्याचं केलं, ते उत्तम झालं. पट्टी काढली तेव्हा ती म्हणाली, भिंतीचा रंग असा होता का?

भारतात पन्नाशीच्या पुढच्या लोकांमध्ये जे अंधत्व आहे, त्यातलं सुमारे दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळं आहे, असं 2015 ते 2019 दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलं. अंधत्व रोखायचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावात जन्मलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून जास्त मोतीबिंदूची ऑपरेशनं केली, त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे या मातीला हे काम अनोळखी नाही. डॉक्टर आहे, सोय आहे, औषध फुकट आहे. तरी फुप्पूसारख्या बायका घरोघर आहेत. याला सगळे अडाणीपणा म्हणतात. माझं मत असं, की यात अडाणीपणा थोडा आणि घरच्यांचा स्वार्थ जास्त आहे. पुरुषाला समाजात वावरायचं म्हणजे कपडे करून जायचं आणि जेवून यायचं. बाईला वावरायचं म्हणजे चुलीपुढं उभं राहायचं. तिनं आठ दिवस धुरापासून दूर बसायचं म्हटलं तर तिची जागा घ्यायला कुणी पुढं येत नाही.

याउलट घरातल्या मुलीचा चष्मा काढायची घाई बघा. बायोडेटावरच्या फोटोत चष्मा नको, आणि बघायला लोक यायच्या आत नंबर गेलेला हवा. माझ्या ओळखीतल्या दोन मुलींना त्यांना काय वाटतं हे न विचारता लेझरला नेलं. एकीचं वय एकोणीस, नंबर अजून वाढत होता. डॉक्टर भले निघाले, त्यांनी परत पाठवलं. मुलीच्या डोळ्याची तारीख लग्न जमावं म्हणून लवकर ठरते, फुप्पूची तारीख लग्न पार पडावं म्हणून मागं जाते. डोळा कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडं शेवटी येतो.

काही जण मला म्हणाले, अल्लाहनं दिलेल्या डोळ्यात ढवळाढवळ कशाला. त्यांच्याशी वाद घालायची गरज वाटली नाही. नजर सुधारणं हा इलाज आहे, आणि डोळ्याचा इलाज मुसलमानांना नवीन नाही. हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये अम्मार अल-मौसिली पोकळ सुईनं मोतीबिंदू ओढून काढायचा. त्याच सुमारास, त्याच शहरात बसून इब्न अल-हैसम प्रकाश डोळ्यात कसा येतो ते लिहीत होता.

मला जास्त जवळची वाटली ती हजरत इब्न अब्बास यांची रिवायत. उतारवयात त्यांची नजर गेली. एक वैद्य म्हणाला, मी बरं करीन, पण काही दिवस उताणं पडून राहावं लागेल, सजदा करता येणार नाही, नमाज पडून पढावी लागेल. त्यांनी हजरत आयेशा आणि इतर सहाबांना विचारून पाहिलं. त्यांना उत्तर मिळालं, या दिवसांत मौत आली तर त्या नमाजांचं काय कराल? त्यांनी इलाज सोडून दिला. लहानपणी हा किस्सा मी तकव्याची मिसाल म्हणून ऐकला होता. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं असं, की या प्रश्नावर फकिहांनी खूप खल केला. इमाम मालिक यांनी मनाई केली, पण इतर अनेकांनी भरवशाचा वैद्य सांगत असेल तर पडून नमाज पढायला परवानगी दिली. म्हणजे डोळ्याच्या ऑपरेशनची धास्ती आणि त्यावरची सल्लामसलत हे सहाबांच्या काळापासूनचं आहे. इब्न अब्बास यांच्यासारख्या माणसाला चार ठिकाणी जाऊन विचारावंसं वाटलं, तर मला वही घेऊन डॉक्टरांकडं जायला लाज का वाटावी? आमच्या इमामसाहेबांना विचारलं तर तेही सरळ म्हणाले, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस डोळ्यांवर पाणी घेऊ नका, तेवढ्या जागेवर ओला हात फिरवा, नमाज होते. एवढंच. नमाजेत माझी अडचण वेगळीच आहे. सजद्यासाठी चष्मा काढून समोर ठेवायचा आणि सलाम फेरल्यावर चाचपडत शोधायचा, ही वीस वर्षांची सवय. एकदा पुढच्या सफेतल्या चाचांनी मागं पाऊल टाकलं आणि चष्मा गेला. त्या दिवशी घरी भावाचा हात धरून आलो.

ऑपरेशन झाल्यावर काय होणार हेही मला दिसतंय. घरात माणसांची रीघ लागेल. इयादतीला जाणं सुन्नत आहे, आणि तिथं थोडकंच बसावं, हेही बुजुर्ग सांगत आलेत. आपण पहिलं पाळतो. चहा होतो, मग नाश्ता, मग आपापल्या ऑपरेशनच्या कहाण्या, लहान पोरं पलंगावर. ज्याला डोळे मिटून पडायला सांगितलंय तो उठून पाहुण्यांना "बसा, बसा" म्हणत असतो आणि त्याची बायको स्वयंपाकघरात असते. मी यंदा सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय, की आठ दिवस कुणी येऊ नका, फोनवर दुआ द्या. दोन चुलते रुसलेत. रुसू द्या, ईदला मनवू.

रविवारच्या लग्नाचं मात्र मला ठरवता येत नव्हतं. मामेबहीण लहानपणापासून माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. तोंडावर आलं होतं, "दवाखान्यात फोन करून अजून एक आठवडा..." गुरुवारी संध्याकाळी फुप्पू घरी आली. हातात कपड्यांची पिशवी. मला वाटलं, लग्नाच्या तयारीला निघाली असेल. तर म्हणाली, सोमवारी सोलापूरला मी येते तुझ्यासोबत, तुझ्या बायकोच्या कडेवर पोर आहे, तिला जमायचं नाही. मी विचारलं, आणि रविवारी दालचा? म्हणाली, धाराशिवहून बावर्ची सांगितलाय, मीच सांगितलं त्यांना. मग माझ्या औषधाच्या दोन बाटल्या मागून घेतल्या. तिला चिठ्ठीवरचं बारीक वाचता येत नाही. तिनं परकराच्या नाडीतून एक दोरा ओढला, चार वेळा घालायच्या बाटलीच्या मानेला गाठ मारून बांधला आणि दोन वेळाची तशीच ठेवली. स्वतःच्या डाव्या डोळ्याच्या वेळी तिनं असंच केलं होतं, अंधारातही हाताला कळतं म्हणे.

रविवारी मी निकाहला जाणार आहे, अत्तरवाल्याला हात जोडणार आहे आणि जेवून लवकर घरी येणार आहे. फुप्पू जेवायलाही येणार नाही म्हणते. बावर्चीचा विषय निघाला तेव्हा तिनं बाटल्या पिशवीत ठेवता ठेवता एवढंच म्हटलं, "नमक कम डालते वो लोग."